पंप खोलायच्या आधी पाइप बघा

जुलैची गोष्ट, पाऊस बारीक चालू होता आणि ओतूरच्या पुढून फोन आला की मिस्त्री गाडी बंद पडलीय, माल भरलेलाय, नारायणगावचा टोमॅटो, वाशीला पहाटेच्या आत पोचायला पाहिजे. जुनी पिकअप, साधं डीआय इंजिन म्हणजे डिझेल थेट सिलेंडरमधे फवारणारं, कॉमन रेल म्हणजे नव्या गाड्यांची कॉम्प्युटरवाली डिझेल सिस्टीम वगैरे काही नाही. गाडीवाले काका म्हणाले, आळेफाट्याला एकाला दाखवली तर तो बोलला पंप गेला, म्हणजे नोझलला प्रेशरने डिझेल देणारा मेन पंप, उतरवून पंप दुरुस्तीच्या लॅबला पाठवावा लागेल.

मी फोनवरच विचारलं, काका गाडी झटकन बंद पडली का गुरगुरत पडली? गुरगुरत, रेस देऊन पण उचलत नव्हती. आणि सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो का? हो, बरेच दिवस झाले. तिथेच मला शंका आली. सोलेनॉइडची, म्हणजे डिझेल चालू-बंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची वायर सुटली तर इंजिन एकदम गप होतं, आणि डिझेलच्या लाईनमधे एअर म्हणजे हवा आली की असं मरत मरत बंद पडतं.

पोचल्यावर काकांना सेल्फ मारायला लावला आणि सायलेन्सरला हात धरला. इंजिन मस्त फिरतंय पण धुराचा पत्ता नाही, म्हणजे डिझेल नोझलपर्यंत, इंजिनात ते फवारणाऱ्या तोटीपर्यंत, जातच नाही. डिझेल इंजिनला प्लगची ठिणगी नसते, दाबाने तापलेल्या हवेत डिझेल फवारलं की ते पेटतं, आणि असल्या इंजिनाची नोझल उघडायला साधारण २०० बारच्या आसपास प्रेशर लागतं. लाईनमधे हवा असली की पंप कितीही मारला तरी हवाच दबते, नोझल काही उघडत नाही.

एअर काढून गाडी चालू करता आली असती पण घाटात परत बंद पडली असती, एअर येते कुठून ते सापडायला पाहिजे. म्हणून कॅनमधे डिझेल घेतलं, कॅन बॉनेटच्या वर बांधला आणि टाकीचा पाइप काढून कॅनची नळी थेट फीड पंपाला, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपाला जोडली. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या मारला, आधी नुसता फेस, मग सलग डिझेल. मग नोझलच्या पाइपांचे नट १७ च्या पान्याने सैल केले, सेल्फ मारला, डिझेल आलं तसे आवळले आणि गाडी चालू! रेस दिली तरी मस्त. म्हणजे मेन पंप ठणठणीत, फॉल्ट टाकी ते फीड पंप एवढ्यातच.

आता इथे लोक फसतात. पुढच्या प्रेशरच्या बाजूला लीक असेल तर डिझेल टपकतं, दिसतं. टाकीकडून येणारी बाजू ओढणारी असते, तिथे भेग असली तर चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते, त्यामुळे खालून बघितलं तर सगळं कोरडं. मी खाली झोपून रबरी होजपाइपचं एक टोक बोटाने दाबलं, दुसऱ्या टोकाने तोंडाने फुंकलं, बाहेरून डिझेल लावलं होतं. क्लिपच्या कडेला बारीक बुडबुडा आला. पाइप जरा वाकवला तेव्हा भेग उघडली, नखाएवढी. क्लिप खूप आवळल्यामुळे रबर कापलं होतं आणि वर इंजिनाच्या व्हायब्रेशनने रोज थोडं थोडं फाटत गेलं असणार.

पाइप थोडा लांब होता म्हणून फाटका तुकडा कापून टाकला, नवी क्लिप लावली, पाइप जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर पण बदलले कारण जुने दबून चपटे झाले होते, परत एअर काढली. गाडी बंद करून चहा होईपर्यंत थांबलो मुद्दाम, मग काकांना म्हटलं आता मारा. एका सेल्फला उचलली.

पंप उतरवला असता तर तो लॅबला, माल जागेवर सडला असता, आणि पंप बसवून आल्यावर पण गाडी तशीच बंद पडली असती याचा मला खरंच राग येतो. कॅन लावून बघायला असा किती वेळ लागतो?

काका वाशीहून परतताना गॅरेजला आले, तेव्हा टाकीपासूनचा सगळा रबरी पाइप नवीन टाकून दिला.