पोबारा, चारचाकीतून

पळून जाण्याला मराठीत जितके शब्द आहेत, तितके गिअर कुठल्याच गाडीला नसतात. धूम ठोकावी, सटकावं, गुंगारा द्यावा, काढता पाय घ्यावा. पोबारा तर मुळात सोंगट्यांच्या पटावरचा, एक आणि बारा असं तेराचं दान. गाडीच्या लेखी मात्र यातलं प्रत्येक काम वेगळं.

धूम ठोकायला म्हणून ॲक्सिलरेटर पार दाबला की टायर किंचाळतात, जळक्या रबराचा वास सुटतो आणि गाडी तिथल्या तिथेच. घसरणाऱ्या टायरपेक्षा न घसरता फिरणाऱ्या टायरची पकड जास्त असते. तेव्हा क्लच अलगद सोडून, टायर गप्प ठेवून निघणारा आधी दिसेनासा होतो.

गुंगारा देण्यात गाडी नवी होती तोवर चोरांची चंगळ होती. 21 डिसेंबर 1911 रोजी पॅरिसमध्ये बोनो टोळीने बँकेच्या माणसाला लुटलं आणि चोरलेल्या मोटारीतून पोबारा केला. पुढे अमेरिकेत दरोडेखोर क्लाइड बॅरोचा जीव फोर्ड व्ही-8 या मोटारीवर होता. 23 मे 1934 रोजी तो दबा धरून बसलेल्या पोलिसांच्या गोळ्यांनी मेला, तो तसल्याच गाडीत. इंजिनाची काही चूक नव्हती. वाट आधीच अडवलेली होती.

आपल्याला बहुधा फक्त काढता पाय घ्यायचा असतो. त्याची तयारी पोचतानाच करावी: गाडी उलटी लावावी. वळतात ती पुढची चाकं, म्हणून अरुंद जागेत मागून शिरणं सोपं जातं. आणि निघताना समोरचं सगळं दिसतं. नाक भिंतीला लावलेली गाडी बाहेर काढायला चार वेळा मागेपुढे करावं लागतं, तोवर कोणीतरी ‘अरे, निघालात?’ म्हणत काचेपाशी येतंच.

खरा दगा बॅटरी देते. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरली तर सेल मारताना खर्च झालेला करंट भरूनच येत नाही. गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटर 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर बॅटरी भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. मग ऐनवेळी किल्ली फिरवावी तर नुसती कट-कट, आणि डॅशबोर्डचे दिवे मंद. टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी साचली असेल तरीही हेच होतं, म्हणून आधी ती घासून क्लॅम्प आवळून बघावा.

तेवढ्यानं भागलं नाही तर धक्का. हा उपाय फक्त हाताने गिअर टाकायच्या गाडीला. इग्निशन चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला. गाडीने वेग धरला की क्लच झटकन सोडायचा आणि इंजिन लागताच पुन्हा दाबायचा. धक्क्याला तीन-चार माणसं लागतात. ती आतूनच बोलवावी लागतात, ज्यांना न सांगता आपण निघालो होतो.