वुडवर्ड ॲव्हेन्यू, उघड्या टपाच्या गाड्या आणि एकाच सांगाड्याचा वाद

जनरल मोटर्स या एकाच कंपनीच्या शेवर्ले कॅमारो आणि पाँटिॲक फायरबर्ड या दोन वेगळ्या गाड्या, की एकाच गाडीची दोन नावं? जुन्या अमेरिकन गाड्यांच्या वेड्यांमध्ये हा वाद अर्धशतकाहून जास्त काळ चालू आहे. तो प्रत्यक्ष ऐकायचा असेल तर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी मिशिगनमधल्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जावं. डेट्रॉइटच्या नदीकाठावरून निघून पाँटिॲक गावापर्यंत जाणारा हा रस्ता. याच रस्त्यावर, सिक्स माइल आणि सेव्हन माइल रोडच्या दरम्यान, १९०९ साली मैलभर काँक्रीट टाकलं गेलं आणि अमेरिकेत काँक्रीटच्या हमरस्त्यांची सुरुवात झाली. साठच्या दशकात पोरं रात्री इथे एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शर्यती लावायची. १९९५मध्ये फर्नडेल गावात मुलांच्या सॉकरच्या मैदानासाठी पैसे उभे करायला जुन्या गाड्यांची फेरी काढली, तीच पुढे वुडवर्ड ड्रीम क्रूझ म्हणून वाढली. आता हजारो गाड्या येतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मैलोन् मैल घडीच्या खुर्च्या मांडलेल्या असतात.

आमची ताई डेट्रॉइटजवळ नोव्हाय या गावी राहते. दाजींचं सगळं आयुष्य गाड्यांच्या बॉडीच्या डिझाइनमध्ये गेलं, आधी पिंपरीत, मग मिशिगनमध्ये. लोक गाडीचा रंग बघतात, क्रोम बघतात. दाजी आधी खाली वाकून गाडीचं पोट बघतात. त्यांच्याबरोबर वुडवर्डला गेल्यामुळेच मला हा वाद नुसता ऐकायला मिळाला नाही, तर त्याचं मूळ कुठे आहे तेही बघता आलं.

रॉयल ओकमध्ये एका पार्किंगमध्ये १९६७ची कॅमारो आणि त्याच वर्षाची फायरबर्ड शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही कन्व्हर्टिबल, म्हणजे उघडता येणाऱ्या टपाच्या, आणि टप खाली घेतलेल्या. मालक दोघेही सत्तरीच्या पुढचे, आणि त्यांच्याभोवती सात-आठ जणांचं कोंडाळं. कॅमारोवाल्या आजोबांचं म्हणणं असं, की दोन्हींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, १०८ इंच, दारं तीच, पुढची काच तीच, टपाचा सांगाडा तोच. कॅमारो सप्टेंबर १९६६मध्ये बाजारात आली, फायरबर्ड फेब्रुवारी १९६७मध्ये. म्हणजे मूळ गाडी कोणती हे उघडच आहे. फायरबर्डवाले काही न बोलता उठले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. आत पाँटिॲकचं स्वतःचं ४०० घनइंची व्ही-एट, निळ्या रंगाचं. शेजारच्या कॅमारोत शेवर्लेचं नारिंगी इंजिन. ‘‘यातला एक तरी पिस्टन त्यात बसवून दाखवा,’’ ते म्हणाले. मग मागे जाऊन त्यांनी मागच्या ॲक्सलला आधार देणारे दांडे, म्हणजे रेडियस रॉड, दाखवले. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर जोर आला की ॲक्सल उड्या मारायचा, तो आवरायला पाँटिॲकच्या लोकांनी ते लावले होते.

यामागचा इतिहास मला फार आवडतो. पाँटिॲकचे तेव्हाचे प्रमुख जॉन डिलोरियन यांना खरं तर दोन आसनांची स्वतंत्र स्पोर्ट्स कार काढायची होती. शेवर्लेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारला घरातच स्पर्धा नको म्हणून जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी ती अडवली आणि त्याऐवजी कॅमारोचा तयार सांगाडा त्यांच्या हाती दिला. तोच एफ-बॉडी. हातात उरलेल्या थोड्या महिन्यांत पाँटिॲकच्या इंजिनिअरांनी त्यात जे जे बदलता येईल ते बदललं. नाक बदललं, इंजिनं आपली घातली, वरच्या कॅमने चालणारं स्वतःचं सहा सिलिंडरचं इंजिनही दिलं. दुसऱ्याच्या पायावर इतक्या घाईत आपलं घर उभं करणाऱ्या माणसांचं कौतुकच करायला हवं.

एवढ्यात दाजी कॅमारोच्या डिकीत डोकं घालून मला हाका मारायला लागले. ‘‘अरे, इकडे ये, हे बघ.’’ डिकीच्या कोपऱ्यात, मागच्या दिव्याच्या आतल्या बाजूला, एक जाडजूड लोखंडी नळकांडं बसवलेलं होतं. त्याच्या आत तेलात बुडवलेलं, स्प्रिंगवर तोललेलं वजन असतं. गाडीच्या चारही कोपऱ्यांत असं एकेक. मालक मंडळी त्यांना कॉकटेल शेकर म्हणतात.

‘‘कशासाठी आहेत?’’ मी विचारलं.

‘‘टप नाही ना, म्हणून,’’ दाजी म्हणाले. ‘‘बंद गाडीत टप नुसता ऊन-पाऊस अडवत नाही, तो गाडीला ताठ ठेवतो. तो कापला की खड्ड्यातून जाताना अख्खी गाडी पिळवटते, काचेची चौकट थरथरते. ती थरथर ही वजनं पोटात घेतात. आता त्या फायरबर्डची डिकी उघडायला सांग.’’

फायरबर्डवाल्यांनी आनंदाने उघडली. तेच नळकांडं, त्याच जागी. कॅमारोवाल्यांनी टाळी दिली.

त्या दिवसभर माझ्या मनात घोळत राहिलं ते हेच. दोन गाड्या एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत का, हे तपासायचं तर उघड्या टपाची गाडीच बघावी. बंद गाडीत पत्र्याआड खूप काही लपतं. टप काढला की तो कुठे दुमडायचा, त्याच्या जागी ताकद कुठून आणायची, डिकीचं झाकण कुठल्या बाजूला उघडायचं, या अडचणी सुटे भाग जिथून आले तिथल्याच पद्धतीने सोडवाव्या लागतात. तिथे उत्तर सापडतं.

फर्नडेलला नाइन माइल रोडपाशी मस्टँगांची दाटी होती. तिथला वाद त्या मानाने लवकर मिटतो, कारण मस्टँग फोर्ड फाल्कनच्या पायावर उभी राहिली हे कुणी नाकारतच नाही. सुरुवातीच्या मस्टँगच्या डॅशबोर्डकडे पाहिलं तरी कळतं. आडवा स्पीडोमीटर फाल्कनमधून उचललेला आहे. फाल्कन म्हणजे घरगुती, काटकसरी गाडी. तिच्यामुळेच १७ एप्रिल १९६४ला मस्टँग २,३६८ डॉलरपासून पुढे विकता आली आणि पहिल्या वर्षातच चार लाखांवर खपली. सगळं नव्याने करायचं ठरवलं असतं तर ही गाडी साध्या नोकरदाराच्या आवाक्यात आलीच नसती. सामायिक सांगाड्याला नाक मुरडणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

पण दिवसातली सर्वांत रंगलेली चर्चा बर्मिंगहॅमच्या अलीकडे एका झाडाखाली झाली. तिथे काळी १९६१ची लिंकन कॉन्टिनेन्टल होती, फोर्डच्याच लिंकन या महागड्या नावाची, चार दारांची कन्व्हर्टिबल, मागची दारं उलटी उघडणारी. तिच्या मागे १९६२ची फोर्ड थंडरबर्ड. एक बाई, स्वतः लिंकनच्या मालकीण, हिरिरीने सांगत होत्या की या दोघींचा काही संबंध नाही. लिंकनचा व्हीलबेस १२३ इंच, थंडरबर्डचा ११३. लिंकनमध्ये ४३० घनइंची इंजिन, थंडरबर्डमध्ये ३९०. एकीत अख्खं कुटुंब बसतं, दुसरीत मागच्या सीटवर पाय दुमडून बसावं लागतं.

थंडरबर्डवाल्या तरुणाने एकच विनंती केली, ‘‘दोघं मिळून टप उघडू या.’’

दोन्ही गाड्यांच्या डिकीची झाकणं एकदमच उठली, आणि आपल्या ओळखीच्या बाजूने नाही, तर पुढून. बिजागऱ्या मागे, बंपरच्या बाजूला. कापडी टप काचेपासून सुटला, वर गेला, घडी होऊन डिकीत उतरला, झाकण मिटलं. टप हलवणाऱ्या मोटरींची घरघर, रिले बदलल्याचा टकटक आवाज, मग शांतता. टपाचा मागमूसही उरला नाही, सीटमागे एक सपाट, स्वच्छ पृष्ठभाग. ही कल्पना १९५७च्या फोर्ड स्कायलायनरच्या लोखंडी टपापासून चालत आलेली. गर्दीने टाळ्या वाजवल्या. त्या बाई काही क्षण बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘बरं, बहिणी म्हणा.’’

बहिणी म्हणण्याला भक्कम आधार आहे. १९६१च्या थंडरबर्डसाठी फोर्डमध्ये दोन प्रस्ताव होते. त्यातला एल्वुड एंगल यांचा प्रस्ताव मागे पडला, पण तेव्हा फोर्डचा कारभार बघणाऱ्या रॉबर्ट मॅक्नामारांच्या तो मनात भरला. हीच गाडी चार दारांची करून लिंकन म्हणून काढता येईल का, असं त्यांनी विचारलं, आणि कॉन्टिनेन्टल जन्माला आली. म्हणजे अमेरिकेतली सर्वांत रुबाबदार चार दारांची गाडी मुळात थंडरबर्ड व्हायची होती. दोन्ही एकाच कारखान्यात बनायच्या, विक्समला. विक्सम ताईच्या गावाला लागूनच आहे. कारखाना २००७ला बंद झाला.

दुसऱ्या दिवशी डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये मुद्दाम केनेडींची लिंकन बघितली. तीही मूळ १९६१ची कॉन्टिनेन्टल कन्व्हर्टिबलच; सिनसिनाटीच्या हेस अँड आयझनहार्ट कंपनीत कापून लांब केलेली. १९६३च्या हत्येनंतर तिला कायमचा टप बसवला आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं ती राष्ट्राध्यक्षांच्या ताफ्यात होती.

क्रायस्लरवाल्यांचा कट्टा धावतच बघितला. १९७०ची डॉज चॅलेंजर आणि प्लिमथ बॅराकुडा, दोन्ही क्रायस्लरच्याच ई-बॉडी या सांगाड्यावरच्या. पण चॅलेंजरचा व्हीलबेस ११० इंच आणि बॅराकुडाचा १०८, म्हणून भांडायला दोन इंच मिळालेले. आपल्याकडेही क्रायस्लरची ही भावंडं होती. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये डॉज, डिसोटो आणि प्लिमथ या तीन नावांनी गाड्या जुळवल्या जायच्या, आणि डॉज किंग्जवे म्हणजे मुळात प्लिमथच होती. दाजींनी हे तिथल्या एका डॉजवाल्याला सांगितलं, तेव्हा त्याने दाजींना पुन्हा पुन्हा सगळं विचारून घेतलं.

संध्याकाळी मोठ्या गाड्या निघाल्या. १९७१ ते ७५च्या शेवर्ले, पाँटिॲक, ओल्ड्समोबिल, ब्यूइक या जनरल मोटर्सच्या चारही घरांच्या थोरल्या कन्व्हर्टिबलमध्ये टप कात्रीसारखा आतल्या बाजूला मिटतो, त्यामुळे मागची सीट गाडीच्या पूर्ण रुंदीची राहते. समोरच्या चाकांवर चालणाऱ्या कॅडिलॅक एल्डोराडोतही तोच प्रकार. एका ओल्ड्समोबिलवाल्या काकांचं मत मला सर्वांत पटलं. सांगाडा एक असला तर बिघडत नाही, ते म्हणाले, पण इंजिन आपल्याच घरचं हवं. १९७७मध्ये लोकांना ओल्ड्समोबिलच्या बॉनेटखाली शेवर्लेचं इंजिन सापडलं, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि जनरल मोटर्सला गिऱ्हाइकांना भरपाई द्यावी लागली. मलाही रेघ तिथेच ओढावीशी वाटते. पाँटिॲकच्या माणसांनी फायरबर्डमध्ये जे केलं ते करायची मुभा जोवर होती, तोवर प्रत्येक नावामागे खरंच कुणीतरी उभं होतं.

तोवर उघड्या गाड्याही संपत आल्या होत्या. कॅडिलॅकने १९७६ची एल्डोराडो अमेरिकेतली शेवटची कन्व्हर्टिबल म्हणून १४,००० विकल्या. अखेरच्या दोनशे एकसारख्या, पांढऱ्या. पुढे १९८४ला एल्डोराडो कन्व्हर्टिबल परत आली तेव्हा ७६वाले चिडून कोर्टात गेले. त्या आधीच १९८२मध्ये क्रायस्लरने लीबॅरन कन्व्हर्टिबल काढली होती, तीही ज्या के-कारवर कंपनीच्या जवळजवळ सगळ्या साध्या गाड्या उभ्या होत्या, तिच्याच सांगाड्यावर. वुडवर्डवर तिच्याकडे कुणी फारसं बघत नाही. दाजींनी मात्र एका लीबॅरनपाशी पंधरा मिनिटं काढली, दाराखालच्या पत्र्याला कुठे कुठे जोड दिले आहेत ते मालकाकडून समजून घेतलं, आणि मालकाचा चेहरा खुलला.

जाणार असाल तर शनिवारची वाट बघू नका, शुक्रवारी दुपारीच पोहोचा. शनिवारी रस्ता गाड्यांनी तुंबतो. शुक्रवारी मालक निवांत असतात, बॉनेट उघडून दाखवतात, आणि विनंती केलीत तर टपही खाली घेतात.