आमची वाटचाल: बोर्ड उतरवला, काटा ठेवला

एप्रिल 2018 मध्ये साताऱ्यात एसटी स्टँडजवळ आम्ही नवरा-बायकोने एका सँडविच-पिझ्झा कंपनीची फ्रँचायझी घेतली. हॉटेल लाइनचा अनुभव शून्य. मी त्याआधी टाइल्सच्या दुकानात हिशेब लिहायचो. फी सहा लाख, फर्निचर वेगळं, करार पाच वर्षांचा.

खोटं कशाला बोलू, नावाचा फायदा झाला. बँकेच्या साहेबांनी माझ्याकडे कमी आणि कंपनीच्या कागदांकडे जास्त बघून कर्ज दिलं. पहिल्या रविवारी रांग लागली ती बोर्ड बघूनच. आणि पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगमध्ये वजनकाटा हातात आला. एका सँडविचला चीज 30 ग्रॅम म्हणजे 30च. ही तोवर सगळं मुठीच्या अंदाजाने घालणारी. दोन दिवस चिडली. मग रात्री उरलेला माल हिशेबाशी जुळायला लागला, तेव्हा काटा तिनेच ताब्यात घेतला.

दुखणं होतं रॉयल्टीचं, म्हणजे नाव वापरायचे कंपनीला दर महिन्याला द्यायचे पैसे. 6 टक्के, तीही नफ्यावर नाही, विक्रीवर. चार लाखांच्या महिन्याला 24,000, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 4,320. आपण गिऱ्हाइकाकडून 5 टक्के जीएसटी घेतो आणि त्याला इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे आपण भरलेला जीएसटी त्यातून वजा करता येत नाही, त्यामुळे ते 4,320 गेले ते गेलेच. सीएने हे समजावून सांगितलं, पण आमची सही झाल्यावर! ॲपवरच्या ऑर्डरला तर कमिशन कापायच्या आधीच्या रकमेवर रॉयल्टी. सॉस, पिझ्झा बेस, अगदी टिश्यू पेपरही त्यांच्याकडूनच, आणि बाजारभावापेक्षा चढ्या दराने. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मात्र त्यांनी रॉयल्टी सोडली, ते मान्य. गाळामालकाने भाडं सोडलं नाही.

सगळ्यात जास्त चिडचिड श्रावणात व्हायची. सोमवारी लोक दारात येऊन विचारायचे, "उपवासाचं काय आहे?" मेनूबाहेरचं काही विकायचं नाही, असं करारात. समोरचा गाडीवाला खिचडी संपवून दुपारीच मोकळा, आम्ही काउंटरवर माश्या मारत.

2023 ला करार संपला, वाढवला नाही. बोर्ड उतरला तसा तिसरा हिस्सा धंदा तुटला. कॉलेजची पोरं डोकावून परत जायची. त्या वर्षी अधिकमास श्रावणातच आला, त्यामुळे निज श्रावण ऑगस्टच्या मध्यावर. पहिल्या सोमवारी पाच किलो साबुदाणा भिजवला. साडेअकराला पातेलं रिकामं. बाराला आलेल्या एकांना ही म्हणाली, "दादा, पुढच्या सोमवारी जरा लवकर या."