मागे काय चाललंय

दुपारी जेवून आडवा झालो होतो. टीव्हीवर कुठल्याशा पुराची बातमी, बातमीदार घोटाभर पाण्यात उभा. मी त्याला बघतच नव्हतो. बातमीदाराला मी कधीच बघत नाही, त्याच्या मागचं बघतो. मागे एक पोरगं फोन कानाला लावून कुणाला तरी हात करतं, एखादी म्हैस निवांत निघून जाते. बायको विचारते, बातमी काय होती? ते काही सांगता येत नाही.

आमच्या घरी बातम्या ऐकायची पद्धतच नव्हती. अण्णांची हयात यंत्रमागावर गेली, सोलापुरात अशोक चौकाच्या पुढं, चादरीच्या कारखान्यात. मागाच्या खडखडाटात कान गेले आणि तोंड वाचायची सवय लागली. तिथं सगळेच तसे. या टोकाकडून त्या टोकाला चहा सांगायचे, भांडायचेसुद्धा, नुसते ओठ हलवून. आणि मराठी, तेलुगू, कन्नड, तिन्हींत. सातच्या बातम्यांना अण्णा टीव्हीपासून हातभर अंतरावर बसत. प्रदीप भिडे त्यांचे लाडके. "स्वच्छ तोंड आहे," म्हणायचे. मध्येच भिडे जाऊन धरणाची नाहीतर मंत्र्यांची चित्रं आली की चिडायचे.

गल्लीतला एक दोस्त पुढं बातमीदार झाला. २००७ साली मराठीत चोवीस तास बातम्या सुरू झाल्या, तेव्हाची गोष्ट. हा स्ट्रिंगर. बातमी लागली तर पैसे, नाही लागली तर पेट्रोल अंगावर. टेप घेऊन रात्री स्टेशनवर पळायचा, सिद्धेश्वर एक्स्प्रेसला कुणी ओळखीचं भेटलं की त्याच्या हाती मुंबईला. गड्ड्याची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक, आषाढीला पंढरपूर. बाकी वर्षभर ऊन आणि पाणी. पुढं पाठीवरच्या पिशवीतल्या यंत्रातनं थेट लाइव्ह जायला लागलं, आणि टेपची पळापळ संपली.

अशाच एका मे महिन्यात पाण्याचीच बातमी होती. उजनी धरण भरो न भरो, आमच्याकडे नळ चार-पाच दिवसांआड. याने लाइव्हला आपलीच गल्ली निवडली. मागे रिकाम्या घागरी, बायका, त्यात त्याची आई. मुंबईहून विचारलेला प्रश्न कानात पोचेपर्यंत हा मान डोलावत उभा. आणि मागे नळाने फुस्स केलं.

ती फुस्स सोलापूरकराला सांगायला नको. आधी हवा, मग खाकरणं, मग गढूळ पाणी. क्षणात मागच्या बायका गायब. याने हातातला बूम, म्हणजे माइक, काखेत मारला, मान वळवली आणि काहीतरी ओरडला. ऐकू आली ती फक्त नळाची खरखर. "नागरिकांच्या भावना काय आहेत?" मुंबईहून विचारणा झाली. पडद्यावर नागरिक एकही नव्हता, एक उलटी घागर तेवढी होती. मग संपर्क तुटल्याचं जाहीर झालं.

आमच्या घरात मात्र अण्णा हसून हसून खोकत होते. त्यांनी वाचलं होतं: "अम्मा, नीळ्ळु वच्चिनय! मोठा हंडा काढ!" "पाणी आलं" सांगायला पोरगं घाईत घरच्या तेलुगूवर गेलं होतं आणि हंड्यापाशी परत मराठीत आलं होतं.

दोस्त अजून कबूल करत नाही. "घसा साफ केला बे," म्हणतो. खरं-खोटं सांगायला आता अण्णाही नाहीत.

आज पाण्याचा वार. टीव्हीचा आवाज बंद केलाय. पडलोय, कान मोरीकडे.