बरं.

परवा दुपारी कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं आणि माझं बोरिवलीला जाणं बारगळलं. बाबांना व्हॉट्सॲपवर सविस्तर कळवलं. गाड्या कुठवर येताहेत, रिक्षावाल्यानं मुलुंड स्टेशनच्या अलीकडेच कसं उतरवलं, बीपीच्या गोळ्या मी आणणार होते पण आता तुमच्या खालच्या केमिस्टला फोन करून वर पाठवायला सांगते, रविवारी नक्की येते, जेवून घ्या, गॅलरीचं दार लावा. दोन मिनिटांत उत्तर आलं.

'बरं.'

लेक शेजारीच लोळत होती. मान लांब करून तिनं वाचलं.

"आजोबा चिडलेत?"

"का गं?"

"फुलस्टॉप दिलाय."

तिच्या पिढीत मेसेजच्या शेवटी पूर्णविराम देणं म्हणजे दार आपटून निघून जाणं. बाबांच्या पिढीत वाक्य संपलं की तो द्यायचा, नाहीतर मास्तर कान पिळायचे. मी तिला म्हटलं, अगं, हे चांगलं 'बरं' आहे. ती म्हणाली, कशावरून? आता हे काय सांगणार! 'बरं' कानानं ऐकायचा शब्द आहे. 'बरं?' म्हणजे पुढे बोल. 'बरंऽ' म्हणजे असं आहे होय. 'बरं बरं' म्हणजे आता पुरे. आणि बाबांचं 'बरं', जे घशातल्या घशात सुरू होऊन तिथेच संपतं, त्यात यातलं काहीही असू शकतं. कागदावर उतरलं की सगळी बरं सारखीच दिसतात.

लेक मानसशास्त्र शिकते. सध्या तिच्याकडे पाच गुणविशेषांची एक प्रश्नावली आहे आणि घरातल्या एका माणसाबद्दल ती भरून द्यायची आहे. तिनं आजोबांना निवडलं, पण आजोबांकडून उत्तरं काढायची म्हणजे... म्हणून मला धरून बसवलं. 'ही व्यक्ती फार बोलत नाही', एक ते पाच. 'ही व्यक्ती समारंभात मागे मागे राहते', एक ते पाच. मी म्हटलं, लग्नात पाहिलंयस ना त्यांना? बुफेच्या रांगेत पहिले आणि फोटोच्या रांगेत गायब. याला काय देऊ?

मध्येच तिनं तोंडी लावायला माहिती दिली. अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी युंग या मानसशास्त्रज्ञानं १९२१ साली चलनात आणली. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट या दोघांनी अख्खी इंग्रजी डिक्शनरी चाळून माणसाचं वर्णन करणारे जवळपास अठरा हजार शब्द वेचले. अठरा हजार! मला एकदम वाटलं, आपलेही कुणीतरी वेचायला हवेत. खवचट, भिडस्त, हेकट, फटकळ, चोंबडा, लाघवी, कुजकट, धांदरट. पण एक गोष्ट मला फार दिवस खुपते. कमी बोलणाऱ्या माणसासाठी मराठीत धड शब्द नाही. घुम्या म्हणा, एकलकोंडा म्हणा, मुखदुर्बळ म्हणा, आतल्या गाठीचा म्हणा, काहीही म्हटलं तरी शिवीच. 'मितभाषी' आहे, पण तो श्रद्धांजलीच्या सभेत वापरायचा शब्द. जिवंत माणसाला कुणी मितभाषी म्हणत नाही.

आमच्या गिरगावच्या चाळीत बाबांना घुम्याच म्हणायचे. फोन तळमजल्यावरच्या काकांकडे, आमचा पीपी नंबर तोच. खालून हाक आली की बाबा शर्टाची बटणं लावत उतरायचे, मागोमाग मी. ते ताठ उभे राहायचे, रिसीव्हर कानापासून दोन बोटं लांब. "हं. हं. बरं." ठेवला. काकू हातातलं निवडण टाकून कान देऊन बसलेल्या असायच्या, त्यांचा असा चेहरा पडायचा! वर आल्यावर आईची उलटतपासणी.

"कोण होतं?"

"दादा."

"काय म्हणाले?"

"येतोय."

"कधी?"

"उद्या."

"एकटेच?"

"नाही."

"मग?"

"सगळे."

सगळे म्हणजे सात जण, आणि आमच्या खोल्या दोन. आई कपाळाला हात लावायची आणि मला वाण्याकडे पिटाळायची.

बाबा तारखात्यात होते. फाउंटनच्या सीटीओत, म्हणजे मुख्य तार ऑफिसात, काउंटरवर. सुट्टीत मी एकदोनदा गेले आहे त्यांच्याबरोबर. तिथे मी पाहिलेले बाबा मला अजून नीट जुळवता येत नाहीत. तिथे ते बोलायचे! लोक फॉर्म लिहून आणायचे, आणि तारेला पैसे शब्दावर पडायचे, पत्त्यातले शब्दसुद्धा धरून. बाबा पेन्सिलीचं टोक एकेका शब्दावर टेकवत मोजायचे आणि मध्येच थांबायचे. "हे 'काइंडली' कशाला? काढा. पैसे वाचतील." एकदा एक बाई आल्या, डोळे सुजलेले. फॉर्मवर लिहिलं होतं, 'मदर सिरियस स्टार्ट इमिजिएटली'. तेव्हा सगळा देश हीच तार करायचा. बाबा म्हणाले, "बाई, सिरियस म्हटल्यावर 'इमिजिएटली' कशाला हवं? पोरगा निघेलच." बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, "राहू दे." बाबांनी चारही शब्दांचे पैसे घेतले आणि पुढचा पूर्ण दिवस अस्वस्थ होते.

रात्री जेवताना त्यांनी ते आईला सांगितलं, म्हणजे त्यांच्या मानानं भाषणच केलं. आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "शब्दाला पैसे पडतात म्हणून माणसानं काळजी मोजून करायची का?" बाबा म्हणाले, बरं.

आता कोंबडी आधी की अंडं आधी, हे मला कधीच ठरवता आलेलं नाही. मुळात कमी बोलणारा माणूस तारखात्यात जाऊन सुखी झाला, की तीस-पस्तीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द कापता कापता त्याचे स्वतःचे संपले? आईचा सिद्धांत सोपा होता. "वृश्चिक रास, दुसरं काय." लेकीला हे सांगितलं तर ती खो खो हसली. म्हणे १९४८ साली फोरर नावाच्या प्राध्यापकानं आपल्या विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास तुमचं' म्हणून एकच वर्णन वाटलं. बरीचशी वाक्यं स्टॉलवरच्या ज्योतिषाच्या पुस्तकातली. पोरांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. मी हसले, पण मनात म्हटलं, आजोबांना कुठलंही पुस्तक लागू पडलं नसतं.

आणि आई बाबांनाच रोज वाचायची, हे मला फार उशिरा कळलं. आमचं रात्रीचं बोलणं कधीच बाबांशी नसायचं. मी फोन करायची, बाबा उचलायचे, "हं, देतो," की पलीकडून आई सुरू. "अगं, सकाळपासून खिडकीत उभे आहेत, तू येणार म्हणून. विचारलं तर म्हणतात पाऊस बघतोय." किंवा, "आज दोडकं केलं होतं. चकार शब्द न काढता खाल्लं, म्हणजे आवडलं नाही." बाबांचं एक 'बरं' आणि मागे आईची अर्धा तास टीप. तेवढ्या भरवशावर आम्ही दोघं इतकी वर्षं बापलेक होतो.

आई जाऊन दोन वर्षं होतील गणपतीत.

तर प्रश्नावली. अठ्ठेचाळिसावं वाक्य होतं, 'ही व्यक्ती भावना व्यक्त करते'. लेक पेन उघडून बसली होती. बाहेर पाऊस थोडा उतरला होता, खाली कुणीतरी पाण्यात अडकलेली स्कूटर ढकलत होतं. मी म्हटलं, तीन लिही. ती म्हणाली, आई, सगळीकडे तीन चालत नाही. तेवढ्यात फोन थरथरला.

'जेवलो. दोडकं.'

"आता हे काय?" लेक म्हणाली.

मी फोन तिच्या हातातून घेतला आणि आधी केमिस्टला फोन लावला, गोळ्या राहिल्याच होत्या.