केस पेपरच्या खिडकीवर गेलेले दोन महिने

"कशासाठी दाखवायचंय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या मागं पंधरा-वीस माणसं उभी होती. त्यांत आमच्या गल्लीत दूध घालणारे काकाही होते. ते माझ्या वडिलांना नावानं ओळखतात. मी म्हणालो, "ताप." मग तापाच्या रांगेत तासभर बसलो, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, त्या घेऊन घरी आलो. एचआयव्हीची तपासणी करायला निघालो होतो, त्याचा हा पहिला दिवस.

आमचं जिल्ह्याचं गाव मोठं आहे, पण कुणी ओळखणार नाही इतकं मोठं नाही. मी एमआयडीसीत कामाला आहे. ओपीडी सकाळचीच, म्हणजे दर खेपेला सुट्टी टाकायची आणि सुपरवायझरला कारण सांगायचं. घरीही सांगायचं, कारण सुट्टी म्हटलं की आई लगेच विचारते, "मग पाव्हण्यांना बोलावू का?" माझं लग्न जमवणं सुरू आहे. मी गे आहे, हे घरात कुणालाच माहीत नाही.

दुसऱ्यांदा गेलो ते तीन आठवड्यांनी. या वेळी खोटं बोलायचं नाही असं ठरवूनच गेलो होतो. खिडकीशी वाकून हळूच म्हणालो, "आयसीटीसी." म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि तपासणी केंद्र. बाईंना ऐकू आलं नाही. "मोठ्यानं बोला हो." पुन्हा सांगितलं. मग बाई पलीकडच्या टेबलाकडं वळून म्हणाल्या, "अहो, एड्सच्या तपासणीला आलेत, यांना कुठलं डिपार्टमेंट टाकू?" रांग एकदम गप्प झाली. माझ्या मागच्या बाईनं पोराला स्वतःजवळ ओढून घेतलं. मी "राहू द्या" म्हणालो आणि सरळ स्टँडवर येऊन बसलो. त्यानंतरचे पाच आठवडे मी त्या रस्त्यानंही गेलो नाही.

त्या बाई वाईट नव्हत्या, आवाजात हेटाळणीही नव्हती. त्यांना खरंच रकाना सापडत नव्हता. पण राग अजून जात नाही, कारण मला निकालाची भीती वाटत होती ती वेगळी, आणि मला परत फिरवलं ते या एका प्रश्नानं. २०१७ साली एचआयव्हीबाबतचा कायदा झाला, १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. तपासणीला संमती हवी, माहिती गुप्त राहिली पाहिजे, असं त्यात लिहिलेलं आहे. त्याच्या चारच दिवस आधी सुप्रीम कोर्टानं ३७७ कलमाचा निकाल दिला होता, समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असा. तो ऐकून मी मोरीत नळ सोडून रडलो होतो. पण गुप्तता सुरू होते ती समुपदेशकाच्या खोलीत. त्या खोलीपर्यंत जायची वाट मात्र भर रांगेतून जाते.

आणि आम्ही आपसांतही बोलत नाही. आमच्या ग्रुपवर आठ-दहा जण आहेत, सगळ्या गप्पा होतात, पण तपासणीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतं, "का रे, काय झालं तुला?" तपासणी केली म्हणजे काहीतरी लपवतोय असाच अर्थ लागतो. त्यातला एक जण आता मुंबईत असतो. तो सांताक्रूझला हमसफर ट्रस्टमध्ये, म्हणजे आमच्यासारख्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेत जातो. तिथं आपल्याला काही समजावून सांगावंच लागत नाही, असं तो म्हणतो. मुंबईत ही संस्था १९९४ पासून आहे. आम्हाला तिथं जायचं तर रात्रभराचा प्रवास.

शेवटी एका संस्थेत काम करणारा दादा भेटला. तो म्हणाला, "खिडकीकडं बघूसुद्धा नको. लॅबच्या पुढची खोली, दार वाजव." मी तसंच केलं.

आतल्या समुपदेशक मॅडमनी आधी दार लावलं. लग्न, मैत्रीण असं विचारल्यावर मी गप्प राहिलो, तेव्हा त्यांनी साध्या आवाजात विचारलं, "पुरुषांशी संबंध आहेत का? सांगितलंत तर सल्ला नीट देता येतो." हे वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. हो म्हणालो. सही झाली, रक्त घेतलं, पैसे काहीच नाहीत. दुपारी निकाल मिळाला, निगेटिव्ह.

उठताना मी विचारलं, "केस पेपर काढला नाही, चालेल ना?"

"आमच्याकडं थेट आलात तरी चालतं की," त्या म्हणाल्या.

दोन महिने! निकाल दुसरा आला असता तर तेवढे दोन महिने मी औषधाशिवाय काढले असते. सरकारी केंद्रात एआरटीची, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं २००४ पासून फुकट मिळतात, आणि आता निदान झालं की लगेच सुरू करतात. औषध नियमित घेऊन विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, की तो शरीरसंबंधातून जोडीदाराला जात नाही. हे मला त्या खोलीत कळलं.

जाणार असाल तर आधी १०९७ वर फोन करून जवळचं केंद्र विचारून घ्या, फोन फुकट आहे. पहिली चाचणी रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे तीत संसर्गाची खूण दिसली, तरी तेवढ्यावर पॉझिटिव्ह म्हणत नाहीत, वेगळ्या किटनं पुन्हा तपासतात. आणि हे आधी सांगायला हवं होतं: संबंध अगदी अलीकडचा असेल तर निगेटिव्ह निकालावर थांबू नका, मलाही तीन महिन्यांनी परत बोलावलं आहे. बरोबर कुणी असेल तर फार बरं.

रुग्णालयाच्या मोठ्या साहेबांना मी अर्ज दिला आहे. मागणी एकच, गेटपाशी पाटी लावा: समुपदेशन केंद्र, खोली क्रमांक, थेट या. पाटी अजून लागलेली नाही. गेल्या बुधवारी ग्रुपमधल्या एकाला घेऊन गेलो. खिडकीसमोर त्याची पावलं मंदावली, मी त्याचा दंड धरून पुढं नेलं. तो आत गेला, मी बाहेर बाकावर बसलो, आणि मॅडमनी आतून दार लावून घेतलं.