डिस्चार्ज बुकात न चढलेला पूर्वी स्टार : रेकॉर्ड दुरुस्तीचा माझा अनुभव

आमचे थोरले काका बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलेले. त्यांच्या डिस्चार्ज बुकात (फौजेतून सुटताना मिळणारी नोकरीची नोंदवही) मेडलांच्या रकान्यात संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्षाचं आहे, नऊ वर्षांचं लाँग सर्व्हिस आहे. पूर्वी स्टार, म्हणजे 1971 च्या युद्धातलं पूर्व आघाडीचं मेडल, मात्र नाही, आणि डिसेंबर 1971 मध्ये माणूस पूर्व आघाडीवर गाडी चालवत होता. ही नोंद करून घेताना जे कळलं ते आपल्या भागातल्या इतर घरांना उपयोगी पडेल म्हणून लिहितोय.

आधी एक खुलासा. लढाईच्या मेडलांना दरमहा पैसे नाहीत. भत्ता आहे तो शौर्याच्या पदकांना. सेना मेडलला 1 ऑगस्ट 2017 पासून महिना 2,000 रुपये मिळतात, तेही मेडल शौर्यासाठी असेल तरच. विशिष्ट सेवेच्या सेना मेडलला भत्ता नाही. डिस्चार्ज बुकात नुसतं ‘सेना मेडल’ लिहिलेलं असलं की नेमकं इथेच घोडं पेंड खातं. तेव्हा भारताच्या राजपत्रातली, भाग 1, विभाग 1 मधली राष्ट्रपती सचिवालयाची अधिसूचना शोधून तिची प्रत जोडावी. नाव आणि नंबर त्यात छापलेला असतो. भत्ता पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) आणायचा असेल तर पुढचं काम रेकॉर्ड ऑफिसमार्फत (रेजिमेंटच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयाला आणि स्पर्श या पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर. पूर्वी स्टारसारख्या मेडलाचा पीपीओशी काही संबंध येत नाही, त्यामुळे त्यासाठी बँकेत किंवा स्पर्शवर तक्रार टाकून उपयोग नाही.

बहुतेक जण ‘मेडल मिळालं नाही, कृपया द्यावे’ असा अर्ज करतात आणि तो वर्षानुवर्षं पडून राहतो. नोंदीची वाट अशी असते : पलटण नावांची यादी करते, पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या नोंदीत बदल करणारा लेखी आदेश) निघते, ती रेकॉर्ड ऑफिसात शीट रोलवर (जवानाच्या सगळ्या नोकरीचा मूळ कागद) चढते, आणि घरी येताना शीट रोलवरून डिस्चार्ज बुकात उतरते. ही साखळी कुठे तुटली ते आधी हुडकायचं. शीट रोलवर नोंद आहे आणि फक्त बुकात उतरली नाही, तर ती कारकुनी चूक. बूक दाखवा, शिक्का घ्या, संपलं. पार्ट टूच निघाली नसेल तर हक्क मुळापासून सिद्ध करावा लागतो. दोन्हींचे अर्ज वेगळे.

काकांचं दुसऱ्या प्रकारातलं निघालं. ते पलटणीचे ड्रायव्हर, पण त्या काळात ब्रिगेड हेडक्वार्टरला अटॅचमेंटवर, म्हणजे तात्पुरते जोडलेले. मूळ पलटणीने हजर असलेल्यांची यादी केली, जिथे अटॅच होते तिथल्यांनी आपल्या लोकांची केली, आणि मधला माणूस दोन्हीकडे नाही. ड्रायव्हर, सिग्नलवाले, कुक, हॉस्पिटलात भरती झालेले, कोर्सवर गेलेले यांच्या बाबतीत हे फार होतं. रायफल कंपनीतल्या जवानाचं नाव क्वचितच सुटतं.

अर्जाआधी पात्रता तारखांवर तपासून घ्यावी. संग्राम मेडलासाठी 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 या काळातली नोकरी बघतात. पूर्वी स्टारला नुसती नोकरी पुरत नाही. 3 ते 16 डिसेंबर 1971 मध्ये पूर्वेच्या ठरलेल्या क्षेत्रात हजर असावं लागतं. पश्चिमी स्टार पश्चिम आघाडीसाठी. काकांना वाटत होतं की 1965 चं रक्षा मेडलही राहिलंय. पण त्याला 5 ऑगस्ट 1965 रोजी 180 दिवस नोकरी झालेली हवी, आणि ते भरती झाले त्याच वर्षी मार्चात. ते नाव अर्जातून काढलं. हाय अल्टिट्यूडच्या मेडलाला 9,000 फुटांच्या वर एकूण 180 दिवस लागतात. सुट्टीत घरी घालवलेले दिवस त्यात धरून बसू नये. एक चुकीचा दावा घातला की बरोबरच्या दाव्याकडेही संशयाने बघतात.

आता पुरावा. शीट रोलची प्रत माहिती अधिकारात मागितली. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, प्रतीला पानामागे दोन रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. अर्जावर सही जवानाचीच हवी. पुतण्याने, जावयाने, गावच्या पुढाऱ्याने आपल्या नावाने मागितली की ‘त्रयस्थाची वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येतो. जवान हयात नसेल तर पत्नीने, पीपीओची प्रत जोडून. प्रश्न कसे विचारता याला फार महत्त्व आहे. ‘मेडल का दिले नाही’ हा प्रश्न माहिती अधिकारात बसत नाही. आम्ही एवढंच मागितलं : शीट रोलच्या सर्व पानांची साक्षांकित प्रत, मेडलांसंबंधीच्या पार्ट टू ऑर्डरचे नंबर व तारखा, आणि नोव्हेंबर 1971 ते जानेवारी 1972 या काळातल्या अटॅचमेंटची नोंद. ही शेवटची नोंद मिळाली आणि काम मार्गी लागलं. उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. त्याला फी नाही.

ज्यांना पेन्शन नाही, म्हणजे लवकर सुटून आलेले, त्यांची कागदपत्रं 25 वर्षांनी नष्ट करतात. मग उरतो तो लाँग रोल, त्यात जुजबी माहिती असते. अशांच्या घरी ट्रंकेत काय आहे त्यावर सगळी भिस्त. रजेचा दाखला, मूव्हमेंट ऑर्डर, फील्ड हॉस्पिटलचा कागद हे चांगले पुरावे. जुनं आंतर्देशीय पत्रही फेकू नका. त्यावर 99 एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस) असेल तर माणूस पूर्वेकडे होता, 56 एपीओ असेल तर उत्तर-पश्चिमेकडे, आणि शिक्क्यावर तारीख असते. एकट्या पत्रावर मेडल मिळत नाही, पण बाकीच्या कागदाला ते आधार देतं.

ट्रंकेत मेडलच सापडलं आणि बुकात नोंद नाही, असंही होतं. मेडलाची कड उजेडात तिरपी धरून भिंगाने बघा. सरकारी मेडलावर कडेने नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. कड कोरी असेल तर ते बहुधा दुकानातून घेतलेलं, पंधरा ऑगस्टला छातीवर लावायला ठीक, पुरावा म्हणून शून्य.

अर्ज एका पानाचा, इंग्रजीत किंवा हिंदीत. आर्मी नंबर शेवटच्या अक्षरासकट. आपल्याकडे एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील फौजेत असतात, तेव्हा नावावर कुणी काही शोधत नाही, नंबरावरच शोधतात. नाव बुकात जसं आहे तसंच, चुकीचं स्पेलिंग असलं तरी तेच. आधारवर ‘यल्लाप्पा’ आणि बुकात ‘येलापा’ असेल तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं ॲफिडेव्हिट वेगळं जोडायचं. पत्त्याचाही घोळ होतो. 1973 च्या नोव्हेंबरपूर्वी भरती झालेल्यांच्या बुकात राज्य म्हैसूर लिहिलेलं असतं, आणि जिल्ह्याचं नाव 2014 पर्यंत ‘बेळगाव’ होतं, आता ‘बेळगावी’. हे पटवायला लागत नाही, पण अर्जात दोन्ही लिहिलेलं बरं. कन्नडमधला कागद जोडताना सोबत नोटरीचं भाषांतर द्यावं. आपलं मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात असलं तरी तोफखान्याचं नाशिकला, सिग्नलचं जबलपूरला आणि ईएमईचं (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणारं दल) सिकंदराबादला आहे. मराठ्यातून 2 पॅरात (पॅराशूट रेजिमेंट) गेलेल्यांनी बंगळूरला विचारावं. पेन्शननंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) दुसरी नोकरी केली असेल तर कन्नूरलाही एक प्रत पाठवावी.

मूळ डिस्चार्ज बूक पोस्टाने कधीही पाठवू नका. आधी झेरॉक्स, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत, कोरी पानंसुद्धा. मूळ बूक शिक्क्याच्या वेळी हातात घेऊन जायचं, लांबचं रेकॉर्ड ऑफिस असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रासोबत. अर्जही याच कार्यालयाच्या शिफारशीने गेला तर जावक क्रमांक मिळतो आणि पाठपुरावा सोपा जातो. चंदगड-गडहिंग्लजकडचे कित्येक जण आता बेळगाव शहरात राहतात, पण नोंदणी कोल्हापूरला. नोंदणी आहे तिथूनच शिफारस मिळते. सीमाप्रश्न सुटायचा तेव्हा सुटेल, अर्ज मात्र ज्या राज्याच्या कार्यालयात नाव आहे तिथूनच हलतो.

लेखी नकार आला तर तो जपून ठेवा. सशस्त्र सेना न्यायाधिकरणात त्यापासून सहा महिन्यांत जाता येतं. उशीर झाला तर कारणांसह माफीचा अर्ज लागतो. कर्नाटकात राहणाऱ्यांसाठी कोची खंडपीठ, महाराष्ट्रात राहणाऱ्यांसाठी मुंबई. आमच्यावर ती वेळ आली नाही. अटॅचमेंटची नोंद जोडून अर्ज गेल्यावर नवी पार्ट टू निघाली.

नोंद होणं आणि मेडल हातात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेडलं कोलकात्याच्या टाकसाळीत बनतात आणि दिल्लीहून मागणीप्रमाणे येतात, जुन्या मेडलांना बराच वेळ लागतो. त्यासाठी बुकावरचा शिक्का अडवून धरू नये. शिक्का मारून घेताना खिडकीवरच वाचून घ्या : मेडलाचं नाव पूर्ण आहे का, पार्ट टूचा नंबर आणि तारीख लिहिली आहे का, खाली अधिकाऱ्याची सही आणि कार्यालयाचा गोल शिक्का आहे का. खाडाखोड असेल तर तिच्यावर वेगळी सही. मग त्या पानाची रंगीत प्रत काढून एक सैनिक कल्याण कार्यालयात द्या आणि पोच घ्या.